शब्दचर्चा : ‘जर्नीमन’ला मराठीत काय म्हणावं?

बेसबॉलमधल्या एडविन जॅक्सनवर लिहायला बसलोय आणि एका शब्दापाशी अडलोय. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, तब्बल १४ संघांकडून खेळलेला हा पिचर (चेंडू फेकणारा). २००३ साली लॉस एंजेलिस डॉजर्सकडून, ऐन विसाव्या वाढदिवशी पदार्पण; २०१९ मध्ये टोरंटो ब्लू जेज हा चौदावा संघ. अशाला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. ‘भटक्या’ लिहिलं, खोडलं. ‘फिरस्ता’ लिहिलं, तेही खोडलं. सुचवा.

प्रतिसाद : बारा गावचं पाणी प्यायलेला! इथे तर चौदा गावं.

प्रतिसाद : त्यात बेरकीपणा येतो हो. बिचारा बेरकी कुठे होता?

प्रतिसाद : ‘फिरस्ता’ खोडलंत ते बरं केलंत. या शब्दात भटकंती नाहीच मुळी. फ्रेंच ‘जुर्ने’ म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. उमेदवारी संपली, हात तयार झाला, पण अजून उस्ताद नाही, स्वतःचं दुकान नाही, म्हणून दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कारागीर तो जर्नीमन. खेळात हा शब्द आला तो याच छटेनं : कामाला चोख, पण तारा नव्हे. संघ बदलणं नंतर चिकटलं. तेव्हा ‘रोजंदार’.

मूळ प्रश्नकर्ता : व्युत्पत्ती पटली. पण शिकागो कब्जनं याच्याशी २०१३ च्या हंगामाआधी चार वर्षांचा ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता. एवढ्या पैशाचा रोजंदार वाचकाच्या गळी कसा उतरवू? शिवाय २०१० मध्ये ॲरिझोनाकडून त्यानं आपल्याच जुन्या टँपा बेच्या संघाला एकही हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) दिला नाही. १४९ चेंडू टाकले, आठ जणांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, पण हिट शून्य!

प्रतिसाद : मराठी फौजेत बघा की. घोडा-हत्यार स्वतःचं, तो शिलेदार. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. मेजर लीगमध्ये साधारण सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो, क्लब त्याला न विचारता दुसऱ्याला देऊन टाकतो. जॅक्सन २०११ पर्यंत एकदाही स्वतःहून गेला नाही. २७ जुलै २०११ ला तर शिकागो व्हाइट सॉक्सनं त्याला टोरंटोला दिलं आणि टोरंटोनं त्याच दिवशी सेंट लुइसला. घोड्यावरून उतरायलाही सवड नाही. तोवर बारगीर. मग करार संपला, घोडा स्वतःचा झाला, आणि तो शिलेदार झाला. (गंमत म्हणजे त्याच अदलाबदलीत ऑक्टेव्हियो डोटेलही होता. पुढे १३ संघांचा विक्रम त्यानं केला आणि जॅक्सननं तो मोडला. त्या वर्षी दोघं मिळून सेंट लुइसकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकले.)

प्रतिसाद : गिरणीतले ‘बदली’ आठवतात का? सकाळी दारात उभं राहायचं, कायमचा कामगार आला नाही तर आत घ्यायचे.

प्रतिसाद : ते मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धेतून, ऐनवेळी बोलावलेल्यांना शोभेल. याला नाही.

मूळ प्रश्नकर्ता : बारगीर-शिलेदार जाम आवडलं, उचलतोय. एकच पंचाईत : हल्ली वर्तमानपत्रं ‘शिलेदार’ म्हणतात ते नेत्याच्या निष्ठावंताला. चौदा संघ फिरलेल्याला तो शब्द लावला तर लोक हसतील ना?

प्रतिसाद : हसू देत. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगून टाका.