८२चा क्रँक घातला, एका जागी 'टक्' होऊन अडतोय (कारमन घिया)

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. आमच्या कारमन घियाचं (फोक्सवॅगनची जुनी गाडी) इंजिन खोललंय. मूळचं १५८४ सीसी, म्हणजे ८५.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ६९ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल). आता ८२ स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आणि ९४ बोअरचे बॅरल (सिलिंडर) घालतोय, हिशेबानं २२७६ सीसी होतं. केसची (क्रँकभोवतीच्या दोन अर्ध्यांच्या कवचाची) तोंडं उद्यमनगरात मोठी करून घेतली. बाकी माल बाहेरून मागवलेला, पण एका सेटचा नाही. रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे) एकाचे, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दुसऱ्याचा.

सध्या नुसतं जुळवून बघतोय. केसचे दोन्ही अर्धे आवळले की क्रँक हातानं छान फिरतो आणि एका जागी टक् करून थांबतो. जोर लावला नाही. दुसरं म्हणजे पिस्टन टोकाला आला की बॅरलच्या काठापासून किती खाली राहतो ते मापलं. १ आणि २ नंबरला १.४ मिमी, ३ला ०.७, ४ला ०.८. एवढा फरक कसा?

मित्र म्हणतो आतून ग्राइंडर फिरव आणि मोकळा हो. आईनं दसऱ्याच्या आत गाडी दारात उभी पाहिजे असं बजावलंय. काय करू?

कोथरूडचा_कार्ब

स्ट्रोक एवढा वाढवल्यावर लागणारच की. सगळेच केस खरवडतात. लावा ग्राइंडर.

शिरोली_बोअरिंग

भावा, ग्राइंडर आधी खाली ठेव. कशाला काय लागतंय ते कळल्याशिवाय खरवडणार काय?

स्ट्रोक १३ मिमीनं वाढला, म्हणजे रॉडचं मोठं टोक साडेसहा मिमी जास्त बाहेरून फिरतंय. ते केसच्या भिंतीला लागेल, नाहीतर कॅमच्या लोबला (उंचवट्याला). पिस्टन खाली आल्यावर त्याचा स्कर्ट (खालचा घेर) क्रँकच्या काउंटरवेटलाही (तोल राखणाऱ्या वजनालाही) लागू शकतो. बेअरिंग डॉवेलवर (ते जागी धरणाऱ्या खिळीवर) नीट बसलं नसतं तर केस आवळताना क्रँक सगळीकडंच जड झाला असता. तुझा एकाच जागी अडतोय, म्हणजे ते नाही.

आता ओळखायचं कसं? क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. टक् झालं की तिथं पुलीवर खूण कर आणि उलटा फिरव. एक फेरा पुरा व्हायच्या आत परत अडला तर केस किंवा स्कर्ट. एक फेरा सुखानं गेला आणि दुसऱ्यात अडला, तर कॅम. त्याआधी गिअरचे ठिपके बघ. कॅमच्या गिअरचा एक ठिपका क्रँकच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पाहिजे. एक दात जरी चुकला तरी लोब रॉडच्या वाटेत येतो आणि माणूस उगाच केसला दोष देत बसतो.

बॅरल काढून, मार्किंग ब्लू (टेकेल तिथं डाग उमटवणारा निळा रंग) लावून, तोंडातून बॅटरी मारून बघ. डाग पडेल तीच जागा. रॉड आणि कॅममध्ये निदान १ मिमी पाहिजे. १ मिमीची तार वाकवून आत घाल आणि चारही रॉड पुरे दोन-दोन फेरे फिरवून तपास.

केसलाच लागत असेल तर खरवडावं लागेल, पण ती केस मॅग्नेशियमची आहे. भुगा पेटला तर पाणी मारायचं नाही, भडका उडतो. कोरडी वाळू जवळ ठेव. फाउंड्रीतली ओलसर वाळू आणशील, ती चालत नाही. आणि ऑइलच्या वाटा आधी बंद कर.

बॅरलचं म्हणशील तर ते नटांनी खाली दाबून मापलेस का? सैल बॅरल उचलला जातो आणि माप खोटं येतं. नीट दाबूनही फरक राहिला तर १ आणि ३ची अदलाबदल कर. फरक बॅरलबरोबर गेला तर बॅरल, जागेवर राहिला तर केस, रॉड किंवा पिस्टन. ३-४च्या बाजूला बॅरलखाली अर्ध्या मिमीची शिम (पातळ चकती) घातलीस की १.२ आणि १.३ होईल, ते चालतं. १ मिमीच्या खाली जाऊ नको. मात्र ३ आणि ४वर एकच हेड बसतं, म्हणून दोन्ही बॅरलवर स्टीलपट्टी आडवी ठेव. खालून उजेड दिसला तर शिमनं भागणार नाही, बॅरल लेथवर घ्यावा लागेल.

हेडची खोली (इंधन जळतं ती पोकळी) किती सीसी आहे तेही माप. ५५ निघाली तर १.३ मिमीला कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.९च्या घरात जातं. करूळ घाट चढून येताना एअर-कूल्ड इंजिनाला ते झेपायचं नाही. साडेआठ पाहिजे तर खोली ६७च्या आसपास कर. शिमा चढवून कॉम्प्रेशन उतरवायची पद्धत मला पटत नाही. इंजिन रुंद होतं आणि पत्रे-सायलेन्सर बसेनात.

सांगलीची_बीटल

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही बघा. पिस्टनवर मुलांची रंगीत क्ले चिकटवायची, हेड आवळून दोन फेरे, मग ब्लेडनं कापून मापायचं. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमी तरी हवं. आमच्याकडं एकानं गणपतीचा शाडू वापरला होता. वाळून तडकला आणि खडे बोअरमध्ये!

रंकाळावेस

काका, उलटा फिरवला. पहिला फेरा बिनबोभाट, दुसऱ्यात अडला. ठिपके बरोबर आहेत. ३ नंबरच्या रॉडच्या बोल्टचं डोकं लोबला टेकतंय, कोपऱ्यावर निळा डाग नखाएवढा. केसला कुठंच लागत नाही. बोल्टचं डोकं कानसू का?

शिरोली_बोअरिंग

अजिबात नको. बोल्ट तुटला तर रॉड केस फोडून बाहेर येईल. लोबलाही कानस लावायची नाही. लांब स्ट्रोकसाठी बेस सर्कल (लोबचा गोल पाया) कमी केलेला कॅम मिळतो, तो घे. नाहीतर खांदा उतरवलेले रॉड, पण तुझ्या क्रँकचं जर्नल (रॉड बसतो तो गोल भाग) ५५ मिमीचं असेल तर ५५चेच बघून घे. २ इंची जर्नलचे रॉड त्यावर बसणार नाहीत. मी असतो तर कॅम बदलला असता, स्वस्तात पडतं.

कॅम बदलला की पुशरॉडची (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या काडीची) लांबी बदलणार, म्हणून ते आत्ता कापू नको. आणि पुशरॉड स्टीलचे घेणार असशील तर टॅपेटची फट पुस्तकातल्या ०.१५ मिमीवर लावू नको. तापल्यावर इंजिन रुंद होतं आणि स्टील तेवढं वाढत नाही, टॅपेट वाजायला लागतात. थंड असताना शून्यावर, पुशरॉड नुसता हातानं फिरेल एवढी. अॅल्युमिनियमचे असतील तर ०.१५ बरोबर आहे.

दसऱ्याचं आईला तूच सांग.