जाळी का काढली?

"आयन अडवायला तारांची जाळी होतीच, मग सर्नच्या ॲलिसने ती काढली कशाला?" असा प्रश्न आला होता, त्यावर थोडी भर. (ॲलिस म्हणजे सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतला, अणुकेंद्रकं आदळवून बघणारा प्रयोग.)

ॲलिसची टीपीसी म्हणजे कणांचे माग टिपणारं, वायूने भरलेलं नळकांडं: 5 मीटर लांब, मधोमध 1 लाख व्होल्टचा पडदा. कणांनी वायूतून सुटे केलेल्या इलेक्ट्रॉनला टोकापर्यंत अडीच मीटर सरकायला सुमारे 90 मायक्रोसेकंद लागतात. जाळी तेवढा वेळ उघडी ठेवायची, मग टोकाला इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवताना तयार होऊन मागे परतणारे धनभारित आयन गिळायला त्याहून जास्त वेळ बंद. आता शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरी सेकंदाला 50 हजार, म्हणजे दर 20 मायक्रोसेकंदांना एक! एकाच वेळी आत चार-पाच टकरींचे माग तरंगत असतात. दार लावायला फुरसतच नाही.

म्हणून इलेक्ट्रॉन वाढवण्यासाठी जेम (गॅस इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर) आले: दोन्ही बाजूंना तांब्याचा मुलामा दिलेले, बारीक भोकांचे पातळ पॉलिमर पडदे, एकावर एक चार. व्होल्टेज नीट जुळवलं की परतणारे आयन 1 टक्क्याच्या खाली येतात. पण फुकट काही नाही. आयन फार दाबले की ऊर्जामापन ढिसाळ होतं, आणि कण ओळखायचा तर तेच मापन नेमकं हवं. माझ्या मते खरी कसरत इथेच आहे, भोकं पाडण्यात नाही.

(उरलेले आयनही माग वाकवतातच, ते नंतर संगणकावर सरळ करत बसायचं.)