देवमाशांचा नकाशा

‘नौदलाचा अधिकारी फार तर पाण्याची खोली मोजेल, मासेमारीतलं त्याला काय कळणार’ असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. सागरी नकाशे आधी लढाई आणि व्यापारासाठीच झाले, कबूल. पण अमेरिकी नौदलातला मॅथ्यू मोरी बघा. 1839 मध्ये घोडागाडीच्या अपघातात पाय कायमचा अधू झाला, जहाजावरची नोकरी संपली. 1842 पासून तो वॉशिंग्टनला नकाशे-उपकरणांचं कोठार सांभाळू लागला आणि तिथल्या जुन्या लॉगबुकांत, म्हणजे जहाजांच्या रोजच्या नोंदवह्यांत, शिरला. पुढे देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या वह्याही त्याने मिळवल्या. कुठल्या महिन्यात, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, कोणत्या जातीचा देवमासा दिसला, हे चौकोनाचौकोनांत भरून 1851 मध्ये नकाशाच काढला! त्यात राइट व्हेल ही देवमाशाची जात विषुववृत्ताच्या पट्ट्यात जवळपास नाहीच. म्हणजे उत्तरेचे आणि दक्षिणेचे वेगळे, असं त्याने टेबलाशी बसून ताडलं. आज त्या वेगळ्या जातीच मानतात.

माहिती सगळी खलाशांची, हे विसरू नका. आपल्या भोईपुऱ्यात मासे घेताना एखाद्या मासेमार ढिवरकाकांना विचारा, कोणत्या तलावात कधी काय लागतं ते तोंडपाठ सांगतील. लिहून कोण घेतो?

आणखी एक. पॅसिफिकच्या बाजूला, आशिया आणि अमेरिकेमधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ मारलेल्या देवमाशांच्या अंगात अटलांटिकच्या बाजूच्या जहाजांचे शिक्के असलेले भाले सापडल्याचं त्याने नोंदवलंय. म्हणजे देवमासे उत्तरेकडूनच पलीकडे आले, त्यावरून उत्तर ध्रुवाकडे बर्फाविना मोकळा समुद्र असणार, हा त्याचा तर्क मात्र साफ फसला.