टाळी वाजवण्याआधी मुलगा आजूबाजूला बघतो

मिरजेचा मास्तर

सर्वांना सलाम आणि नमस्कार. मी मिरज तालुक्यातल्या एका निवासी इस्लामी शाळेत मराठी आणि गणित शिकवतो. आठवड्यातल्या तीन रात्री वसतिगृहाची पाळी माझ्याकडे असते. साठ मुलं, नऊ ते पंधरा वर्षांची. निम्मी हिफ्जची, म्हणजे शाळेच्या अभ्यासाबरोबर कुराण पाठ करणारी. पहाटे पावणेपाचला उठून नवा सबक, म्हणजे त्या दिवसाचा पाठ, घोकायचा, फजरची म्हणजे पहाटेची नमाज झाली की तो उस्तादांना म्हणून दाखवायचा, दुपारी मागच्या पाऱ्यांची, म्हणजे कुराणाच्या आधी पाठ केलेल्या भागांची, उजळणी. मैदान मिळतं ते असर ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेपासून सूर्यास्ताच्या नमाजेपर्यंत, एवढंच, आणि थंडीत तो वेळ तास-सव्वा तासावर येतो.

2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाची फायनल होती. स्मृती मानधना आपल्या सांगलीत वाढलेली, त्यामुळे पोरांनी आठवडाभर लकडा लावला होता. परवानगी मिळाली. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरी चादर ठोकली, प्रोजेक्टर मागून आणला. पावसानं खेळ उशिरा सुरू झाला. मगरिब आणि इशा (रात्रीची नमाज) मधल्या मध्ये झाल्या आणि बघता बघता रात्र चढली. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट एकटी उभी होती. तिचं शतक झालं.

माझ्या पुढ्यात तेरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. कवठेमहांकाळकडचा, डावरा, मैदानात बॅट सोडत नाही असा. शतक झालं तसे त्याचे दोन्ही हात आपसूक वर आले आणि बोटभर अंतरावर थांबले. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग वळून दाराकडे. दारात आमचा वॉचमन आणि शेजारच्या गल्लीतले दोघे मॅच बघत उभे होते. त्यानं हात खाली घेतले आणि मांड्यांखाली दाबून ठेवले. भारत 52 धावांनी जिंकला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला. पण माझ्या डोळ्यांपुढून ते हात जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी वजूच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुण्याच्या, नळापाशी तो एकटा सापडला, तेव्हा सहज विचारलं. बराच वेळ गप्प राहिला, मग बोलला. फेब्रुवारीत रविवारची सुट्टी म्हणून घरी गेला होता. दुबईत भारत-पाकिस्तान सामना चालू होता. स्टँडजवळच्या एका टपरीवर टीव्ही लागला होता म्हणून हा थांबला. डोक्यावर टोपी. एकानं विचारलं, "तू कुणाकडून रे?" हा म्हणाला, भारताकडून. "मग ओरड की!" हा ओरडला. मग प्रत्येक चौकाराला ओरडत राहिला. घरी पोचला तेव्हा घसा बसला होता. मला म्हणाला, "सर, त्या दिवशी कोहलीचं शतक झालं ना? मला एक पण शॉट आठवत नाही."

या मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर बुमराहच्या गोलंदाजीचे आकडे लिहिलेले आहेत, मालिकेनुसार, वेगवेगळ्या शाईत. ते त्याला कुणी लिहायला लावलेले नाहीत.

मी स्वतः पक्का बाजू घेणारा प्रेक्षक आहे. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादला पुरुष विश्वचषकाची फायनल आपण हरलो त्या रात्री जेवलो नव्हतो. ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावांतला एकही फटका मला सांगता येणार नाही, इतका मी फक्त आपल्या हरण्याकडे बघत होतो. दोन बाजू नसतील तर मैदानात जीवच राहणार नाही, हेही मला मान्य आहे. पण माझी बाजू मी आपण होऊन घेतलेली होती. तिचं दुःखही माझंच होतं. या पोराची बाजूही मनापासूनच आहे, फक्त तिच्यावर पहारा बसलाय. मॅच बघताना हा खेळ बघत नाही, आपल्याला कोण बघतंय ते बघतो.

आमच्या शिक्षकांत दोन मतं आहेत. काही म्हणतात पडदाच नको, दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग सबकावर पेंगत होता. ते खरं आहे. काही म्हणतात, भारताचेच सामने दाखवा आणि मुलांना चांगलं ओरडू द्या, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. हे दुसरं ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. मी काय करावं? अनुभव असेल त्यांनी सांगा.

कुंडलचा गडी

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून दोनदा फोन बाजूला ठेवला.

मी तालमीत वाढलो. लहानपणी आजोबा मला कुंडलच्या मैदानाला न्यायचे. एकदा आमच्या गावचा पैलवान मोठ्या जोडीत चितपट झाला. मी रडायला लागलो. आजोबा उठले, धोतराच्या कनवटीतनं दहाची नोट काढली आणि ज्यानं आमच्या गड्याला पाडलं त्याच्या हातात दिली. म्हणाले, "पोरा, घिस्सा काय मारलास!" मग परत येऊन आमच्या पडलेल्या पैलवानाच्या पाठीवरची माती झाडली. दोन्ही कामं त्याच हातानं केली. गावात त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुणाकडून. मैदानात बसलेल्या माणसाला डाव कळतो की नाही एवढंच बघायचे.

पोरांना डाव बघायला शिकवा. आधी कुस्ती दाखवा. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते इथल्याच, कराडजवळच्या गोळेश्वरचे. ते सांगितलं की पोरं कान देऊन ऐकतात.

साताऱ्यातला हाफिज

व अलैकुम अस्सलाम मास्तर. मी तुमच्यासारख्याच एका वसतिगृहात सहा वर्षं काढली. आमच्याकडे रेडिओलासुद्धा बंदी होती. दुपारी उशीत तोंड खुपसून स्कोअर ऐकायचो आणि नंतर गुन्हा केल्यासारखं वाटायचं.

पडदाच नको म्हणणाऱ्यांना बुखारीच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, आठवून द्या. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाले-ढालींचा खेळ करत होते. पैगंबरांनी, त्यांच्यावर सलाम, पत्नी हजरत आयेशांना विचारलं, बघायचंय का? त्या हो म्हणाल्या. मग त्यांना आपल्या मागे उभं केलं आणि त्या बघून दमेपर्यंत स्वतः उभे राहिले. मला त्यात सगळ्यांत भावतं ते हे, की घाई केली नाही. ज्याला बघायचं आहे त्याचं बघून होऊ दिलं. साथीदार हजरत उमर त्या खेळणाऱ्यांना हटकायला गेले, तर त्यांनाही सांगितलं, राहू द्या.

आणि हरण्याबद्दल बोलायचं तर अज्बाची गोष्ट सांगा. पैगंबरांची ही सांडणी कधी मागे पडत नसे. एक खेडूत अरब आपल्या तरण्या उंटावर आला आणि पुढे निघून गेला. साथीदारांना फार लागलं. पैगंबर म्हणाले, दुनियेत जे वर चढतं त्याला अल्लाह खाली आणतोच. त्या खेडुताला कुणी शब्दानंही दुखावलं नाही. आमच्या उस्तादांनी हा किस्सा सांगितला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. 2003 च्या विश्वचषकाची फायनल हरून दोनच दिवस झाले होते. त्या रात्री मी जेवलो.

सबकाच्या पेंगण्यावर म्हणाल तर, इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की मुलाला खेळू न देता नुसतं शिकायला जुंपलं तर त्याचं मन मरतं, बुद्धी बोथट होते. पण झोपेचं बघा. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, हे तर हदीसमध्येच आहे. पूर्ण सामना नको, दुसऱ्या दिवशी असरनंतर तासाभराचा भाग दाखवा.

धनुष्यवाली आई

मी मुस्लिम नाही, साताऱ्याची आहे, मुलगी तिरंदाजीला जाते. वरच्या दोघांचं पटलं, पण एक राहून जातंय. त्या मुलाला काही शिकवायची गरज नाही. वोल्व्हार्टचं शतक त्याला कळलं होतं, म्हणून तर हात वर आले. शिकायचं आहे ते टपरीवरच्या माणसानं. भीती बाहेरनं आली आणि उपाय मात्र पोराच्या डोक्यात शोधायचा, असं होऊ देऊ नका. आधी त्याला एवढं सांगा की त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती. कुणीतरी मोठ्या माणसानं तोंडानं म्हणायला हवं ते.

दुसरं, त्याला सगळ्यांसमोर उदाहरण म्हणून उभं करू नका. नाहीतर टाळीचीसुद्धा परीक्षा होईल.

क्रिकेट थोडे दिवस बाजूला ठेवून बघा. आमच्या अदिती स्वामीनं 2023 ला बर्लिनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिरंदाजी बघताना बाण सुटेपर्यंत आपलाही श्वास अडकतो, ओरडायला सुचतच नाही.

मिरजेचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. आई, तुमचं वाचून त्याच संध्याकाळी त्याला गाठलं आणि तेवढंच वाक्य म्हटलं. तो काही बोलला नाही. बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिला. पण मग माझ्याबरोबर मैदानाच्या दोन फेऱ्या मारल्या.

शुक्रवारी असरनंतर वेटलिफ्टिंग दाखवलं. 2022 चं बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, आपल्या सांगलीचा संकेत सरगर, 55 किलो गट. बापाबरोबर पानटपरी आणि चहाचा गाडा सांभाळणारा पोरगा म्हटल्यावर पोरं सरसावून बसली. 139 किलो उचलताना त्याचं कोपर गेलं तेव्हा हॉलभर "या अल्लाह" झालं. तशाच हातानं तो पुन्हा आला, पुन्हा नाही जमलं. संकेतचे एकूण 248, मलेशियाच्या अनिकचे 249. एका किलोनं सुवर्ण गेलं.

सगळी मुलं कोपराबद्दल बोलत होती. आमचा डावरा मागून म्हणाला, "सर, पण त्या मलेशियावाल्यानं नंतर 142 उचलले ना? हा 139 ला पडलेला बघून?" मी म्हटलं, हो. "मग त्याला पण भीती वाटली असेल." जरा थांबून म्हणाला, "त्याचं परत लावा ना."

माझ्याकडच्या क्लिपमध्ये संकेतच्याच लिफ्ट आहेत. अनिकची 142 ची लिफ्ट पूर्ण दिसते अशी क्लिप कुणाकडे असेल तर कृपया इथे द्या. पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळाली तर बरं होईल, त्याला कबूल केलंय.