क्लबहाऊसचं वायफाय आणि मॅडमांचा वर्ग

सी-५०१: रोज ७ ते ८ क्लबहाऊसमध्ये क्लास चालतो तेव्हा नेट पार बसतं. मुलाची ऑनलाइन ट्यूशन तीनदा कट झाली. वायफाय सगळ्यांच्या मेंटेनन्समधून आहे. कमिटीने उत्तर द्यावे 🙏

सेक्रेटरी: नमस्कार, ए-२०४ च्या मॅडमनी बायकांच्या साक्षरता वर्गासाठी रीतसर अर्ज दिला होता, मीटिंगमध्ये पास झालाय.

सी-५०१: कोरम होता का त्या मीटिंगला?

ए-१०३: कोरमचं राहू द्या, आधी तुमची दुसरी गाडी व्हिजिटर पार्किंगमधून काढा

बी-३०२: अहो हाऊसकीपिंगच्या सात जणी येतात, आमच्या मावशीपण. परवा सिलिंडरचा मेसेज त्यांनी स्वतः वाचला, बोट ठेवून, वि-त-र-क असं फोडून. मला भरून आलं

सी-५०१: वायफाय सगळ्यांच्या मेंटेनन्समधून आहे. उत्तर द्यावे.

डी-४०२: मी मॅडमच्या हाताखाली नोकरी केलीय म्हणून सांगतो, १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, मग गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले तेव्हा या दिवसभर झेडपी शाळा करून रात्री कंदिलावर बायकांना शिकवायच्या, पुढे एमएस-सीआयटी आलं, आम्ही सर्टिफिकेटपुरतं केलं आणि या सुट्टीतही कॉम्प्युटरसमोर, २०१७ ला सरकारचं दीक्षा हे शिक्षणाचं अॅप आलं तेव्हा पुस्तकातला क्यूआर कसा स्कॅन करायचा ते आम्हाला यांनीच शिकवलं, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली होती बघा

ए-१०३: क्यूआर म्हणजे पुस्तकांत ते कोड आणणारे परितेवाडीचे डिसले गुरुजी ना? २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं अर्धं बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटलं. मोठा माणूस

सी-५०१: इथे डिसले गुरुजींचा विषय नाही. वायफाय मेंटेनन्समधून आहे.

बी-७०१: रागावू नका पण आता बोललं की टाइप होतं, फोन वाचूनही दाखवतो. या वयात बाराखडी कशाला?

ए-२०४ मॅडम: दादा, वाचता येत नाही म्हणून या बायका फोन दुसऱ्याच्या हातात द्यायच्या, ओटीपीसकट. एका ताईंना पैसे येणार सांगून कुणीतरी रिक्वेस्ट पाठवली, त्यांनी पिन टाकला, २,००० गेले. म्हणून माझा पहिला धडा 'पैसे घ्यायला पिन लागत नाही'. प, न, ग तिथूनच शिकवते. नेट शेवटची १५ मिनिटंच लागतं, बाकी खडू-फळा.

सेक्रेटरी: उल्लास या सरकारी साक्षरता योजनेची परीक्षापण देणार आहेत सगळ्या, १५० मार्कांची, वाचन लेखन संख्याज्ञान. सहकार्य करावे ही विनंती.

सी-५०१: सहकार्य आम्हीच करायचं नेहमी.

बी-३०२: आज वायफायचा पासवर्ड कुणी बदलला?

ए-१०३: सी-५०१??

सी-५०१: राउटर माझ्या फ्लोअरला आहे, सेटिंग मीच बघतो. आधी उत्तर मिळू दे.

ए-२०४ मॅडम: असू द्या. उद्या माझ्या हॉटस्पॉटवर घेते. फळा कपाटात अडकलाय तेवढा काढून द्या, चावी कुणाकडे आहे?