लग्नाच्या शूटसाठी हार्ड केस कोणती घेऊ?

गंगापूररोडकर
मंडळी, सल्ला पायजे. लग्नाचे शूट करतो, कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, चार लेन्स, दोन फ्लॅश. आजवर सगळं सॅकमध्येच न्यायचो, पण मागच्या महिन्यात कसारा घाटात ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि लाइट स्टँडची पिशवी नेमकी सॅकवर येऊन आदळली, सत्तर-दोनशे लेन्सचं माउंट (कॅमेऱ्यात बसणारी कडी) वाकलं, लेन्स अजून दुरुस्तीलाच आहे. हप्ते भरून घेतलेली लेन्स, फार जिवाला लागलंय. आता हार्ड केसच घेणार. पेलिकन कंपनीची १५१० बघतोय, की साधी स्वस्तातली चालेल? कधी इगतपुरीचे रिसॉर्ट, कधी विमानाने दिल्ली, असं फिरणं असतं.

सर्व्हेवाला_सिडको
दादा, मी टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) घेऊन दिंडोरी-निफाडच्या बागांमधून फिरतो, बाइकवर, पिकअपमध्ये, कशातही. कंपनी नंतर बघा, आधी झाकणाचं रबर बघा. दुकानातच कागदाची पट्टी झाकणात धरून केस बंद करायची आणि पट्टी ओढायची, सहज निघाली तर तिथून पाणी जाणार म्हणजे जाणार. चारी बाजूंनी करा, बिजागरीकडे तर नक्कीच. आयपी ६७ लिहिलेलं असेल तर धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरते, पण रबरावर वाळूचा एक कण बसला की ते सगळं गेलं, म्हणून मी रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने खाच पुसतो.
१५१० दणकट आहे, वादच नाही. फक्त फोमसकट तीच ६ किलोच्या वर भरते आणि आपल्याकडे डोमेस्टिकला केबिनमध्ये बहुतेक ७ किलोच चालतं, मग कॅमेरा कुठे ठेवणार? त्यांचीच एअर १५३५ बघा, रिकामी ४ किलोच्या आसपास आहे.

लेन्स_दुरुस्ती
वरच्या दादांचं बरोबर. पण माझ्या टेबलावर आपटलेल्या लेन्सपेक्षा बुरशीच्या जास्त येतात, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. हवाबंद केस बाहेरचं पाणी अडवते तसंच आतलं दमट पण कोंडून ठेवते. इगतपुरीच्या पावसात शूट करून ओला कॅमेरा तसाच फोममध्ये दाबला आणि आठ दिवस उघडलाच नाही तर काय होणार? घरी आल्यावर केस रात्रभर उघडी ठेवा, फोम काढून पंख्याखाली. आत सिलिका जेलची (दमटपणा शोषणारे दाणे) पुडी टाका, ओल शोषून केशरीची हिरवी झाली की ओव्हनमध्ये तापवून परत वापरा.
आणि विमानाने जायचं तर केसला हवेचा व्हॉल्व्ह आहे ना ते बघा, नाहीतर उतरल्यावर झाकण असं बसतं की उघडता उघडत नाही.

गंगापूररोडकर
बुरशीचं डोक्यातच नव्हतं, खरंच आभार. फोम कापताना किती अंतर ठेवू? आणि सुट्या बॅटऱ्या केसमध्येच ठेवून लगेजला टाकल्या तर?

सर्व्हेवाला_सिडको
नाही नाही, सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांना टेप लावून. फोमचं म्हणाल तर दोन वस्तूंमध्ये दोन बोटं तरी राहू द्या आणि लेन्स काचेपेक्षा माउंटच्या बाजूने जास्त जपा. आधी वर्तमानपत्रावर सगळं मांडून पेनाने आखा, मगच फोमचे आधीच चिरलेले छोटे चौकोन उपटा, एकदा उपटलेला परत बसत नाही.