म्हणे गेस्टापोचा कोट!

खडूस_पुणेकर
काल इथे एकाने फोटो टाकला. काळा, घोट्यापर्यंतचा चामडी कोट, म्युनिकच्या जुन्या बाजारातून साडेसहाशे युरोंना घेतलेला. खाली मजकूर: 'अस्सल गेस्टापो ऑफिसरचा, दुर्मिळ, दर्दी संग्राहकांनीच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.' आणि त्यावर लोकांची 'जबरी', 'कडक'ची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

गेस्टापो म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस. त्यांची माणसं बहुतेक साध्या कपड्यांत फिरायची. चामडी कोट त्या काळच्या जर्मनीत ऐपत असलेला कुणीही घालायचा. सैन्यातल्या अधिकाऱ्यांचंही तेच. गणवेशासाठी भत्ता मिळे, पण चामडी ओव्हरकोट हा पदरचे पैसे घालून शिंप्याकडून शिवून घ्यायचा प्रकार. म्हणून दोन कोट सारखे मिळत नाहीत, आणि नेमकं तिथेच व्यापाऱ्यांचं फावतं. पदाच्या पट्ट्या अडकवायचे खांद्यावरचे बंद आजही कुणी शिवून देईल. शिंप्याची चिठ्ठी, मालकाचं नाव, तोच कोट अंगावर असलेला जुना फोटो, यातलं काहीच नसेल तर तो नुसता जुना कोट. गोष्टीचे पैसे वेगळे लावलेत.

कोटवाला
माझ्याच कोटावर धागा, धन्यवाद. विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे होते, ते खोटं कशाला बोलतील? तुम्ही कोट हातात तरी घेतलाय का? चार-पाच किलो वजन आहे. असं चामडं आता मिळत नाही.

खडूस_पुणेकर
वजनाने घ्यायचं तर रद्दीवाल्याकडे जा. शिवणीतल्या धाग्याचं टोक जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून गोळी होते. पॉलिएस्टर बाजारात आलं युद्धानंतर. (एवढ्याने कोट खरा ठरत नाही, दुरुस्तीत नवा धागाही येतो. पण सुरुवात तरी करा.)

अष्टमीचा_तेली
खरा की खोटा याचीच सगळ्यांना काळजी. खरा निघाला तर भाव वाढतो. म्हणजे नक्की कशाचा भाव वाढतो, हे कुणी सांगेल का?

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पणजोबांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आमच्या वाटेला इथे कधी कुणी गेलं नाही, हे खरं. पण २००६ मध्ये खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचं हॉटेल निघालं, तेव्हा आक्षेप घेतल्यावर लोक विचारत होते, नावात काय आहे? शेवटी बदललं नाव. तुमचा कोट तसाच. 'गेस्टापो' लिहिलंत म्हणूनच व्यनि आले ना?

सातारी_कंदी
म्हणजे आमच्या आजोबांनीही पापच केलं म्हणायचं. मराठा लाइट इन्फन्ट्री, एप्रिल १९४५, इटलीत सेनिओ नदी. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तीच लढाई. आजोबा येताना जर्मन पट्ट्याचं बक्कल घेऊन आले, 'गॉट मिट उन्स' (देव आमच्यासोबत) कोरलेलं. आजीने ते शेरडीच्या दाव्याला लावलं. संग्रह कसला न काय. कोट आणता आला असता तर गोठ्यात अंथरला असता.

अष्टमीचा_तेली
तुमच्या आजोबांनी जिंकून आणलं, दादा. शेरडीला लावलं हे तर फारच उत्तम. मी बोलतोय ते साडेसहाशे युरोंबद्दल.

मुलुंडची_काकू
वाद चालू द्या, पण हा कोट पावसाळ्यात ठेवणार कुठे? ह्यांचं चामडी जाकीट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं. गणपतीला काढलं तर हिरवी लव.

कोटवाला
काकू, डांबरगोळ्या ठेवल्यात.

मुलुंडची_काकू
डांबरगोळी कसरीला. बुरशीला काही होत नाही.

देशावरची_मी
खोबरेल चोळा, मऊ राहतं.

मुलुंडची_काकू
अजिबात नको!! खवट होतं, वर धूळ बसते. सुती चादर गुंडाळा, जाड खांद्याचा हँगर, हवा खेळती.

देशावरची_मी
आमच्याकडे चपलांना वर्षानुवर्षं तेलच लावतात.

मुलुंडची_काकू
चप्पल रोज पायात असते. कोट कपाटात. फरक आहे.

खडूस_पुणेकर
अहो, धागा कशाचा आहे?

मुलुंडची_काकू
कोटाचाच ना? की तुमच्याशिवाय कुणी कोटावर बोलायचं नाही?

बर्लिनकर
इथे राहतो म्हणून एवढंच. असल्या वस्तू बाळगणं इथे गुन्हा नाही. स्वस्तिकासारखी नाझी चिन्हं उघड मिरवणं हा कलम ८६अ खाली गुन्हा. शिक्षण, संशोधन, कला यांना सूट. त्यामुळे बाजारात बिल्ल्यांवर चिकटपट्टी लावलेली दिसते. कोऱ्या चामड्याला कलम लागत नाही, म्हणून त्याला गोष्ट चिकटवतात. युद्धानंतरच्या पूर्व जर्मन पोलिसांचे कोट, इतर देशांच्या सैन्यांचे कोट, सगळे 'ऑफिसरचे' म्हणून खपतात. कोटवाले, बटणं बघा.

कोटवाला
बघितली. बाहेरची साधी आहेत, बदलली असतील. आत अस्तराला एक जादा बटण शिवलंय, त्यावर तीन मुकुट आहेत. हे कुठल्या जर्मन रेजिमेंटचं?

बर्लिनकर
तीन मुकुट म्हणजे स्वीडन.

खडूस_पुणेकर
😂😂 तटस्थ देश हो, कोटवाले. युद्धात नव्हताच.

कोटवाला
ठीक आहे, 'गेस्टापो' काढतो. तेली साहेब, तुमच्यासाठी नाही, बटणासाठी काढतोय. पण थंडीत घालणार मीच. काकू, हँगर लाकडी चालेल का?

मुलुंडची_काकू
चालेल. रुंद घे.